डॉक्टरीणबाईंना विचारा : बीज तपासून घ्यावं का?

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी सासरी परतल्या की माझ्याकडची पत्रं वाढतात, हा जुना अनुभव आहे. झोक्यावर बसून मनातलं बोलून झालेलं असतं, आई-काकू-मावशीचे सल्ले पदरात पडलेले असतात, आणि मग एखादी रात्री सगळे झोपल्यावर कागद काढते. यंदाच्या ढिगातली तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही वेगवेगळ्या तालुक्यांतली, पण विषय सख्ख्या बहिणींसारखे. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

पत्र पहिलं

आदरणीय डॉक्टरीणबाई, मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४१. डी.एड. झाल्यावर भरतीची वाट बघण्यात सहा वर्षं गेली, लग्न ३४व्या वर्षी झालं. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात गेलं. मागच्या वर्षी टेस्ट ट्यूब केली. पाच बीजं निघाली, चार पक्की होती, तीन फलित झाली, तिसऱ्या दिवशी दोन गर्भ पिशवीत सोडले, पण काही राहिलं नाही. ए.एम.एच. (बीजांचा साठा किती उरला ते सांगणारी रक्ताची चाचणी) ०.९ आहे. आता एका मोठ्या शहरातलं सेंटर म्हणतंय, ‘तुमच्या वयात बीजांचीच जनुकीय तपासणी करून घ्या. खराब बीजं बाजूला काढली की यशाची खात्री.’ त्याचे दीड लाख वेगळे. मिस्टर म्हणतात, बांधाकडचा तुकडा विकू. सासूबाईंच्या मनात वेगळंच आहे. पहिल्या वेळी सातव्या आठवड्यात मी स्कूटीवर शाळेत जात होते, रस्ता खड्ड्यांचा, त्यानंच गेलं असं त्या म्हणतात. तोंडानं मी नाही म्हणते, पण रात्री मलाही तेच वाटतं. बीज तपासावं, की गर्भ तपासावा, की काहीच नको?

उत्तर

ताई, आधी स्कूटीचं बघू. दीड लाखांकडे मग येते.

मी १९८६ साली जळगावात दवाखाना काढला. तेव्हा दिवस राहिल्यावर थोडं जरी अंगावरून गेलं, तरी मी बाईला झोपवून ठेवायची. खाटेच्या पायगतीच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. बायका पंधरा-पंधरा दिवस तशा काढायच्या, जेवणही आडव्यानंच. ज्यांचं टिकायचं त्यांच्या घरचे पेढे घेऊन यायचे आणि मी ते घ्यायची. ज्यांचं जायचं त्या म्हणायच्या, ‘परवा एकदा मोरीपर्यंत चालत गेले होते हो.’ आणि मी, आज सांगायला लाज वाटते, मान हलवायची. झोपून राहिल्यानं गर्भपात टळत नाही, हे नीट अभ्यास होऊन पुढे कळलं. विटा बिचाऱ्या फुकट राबल्या. आणि त्या मोरीपर्यंत चाललेल्या बायकांच्या मनावर मी जो दगड ठेवला, तो कुणी उचलला की नाही, मला ठाऊक नाही.

१९९७मध्ये माझा स्वतःचा गर्भ नवव्या आठवड्यात गेला. मी तेव्हा ३९ वर्षांची. माझ्या सासूबाई अमळनेरकडच्या, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नसत. उशाशी बसून म्हणाल्या, ‘कसाले रडी ऱ्हायनी माय, तुनं काही चुकनं नही.’ त्यांना क्रोमोसोम (पेशीतले जनुकं वाहणारे धागे) हा शब्द माहीत नव्हता. निदान मात्र बरोबर केलं होतं.

पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत क्रोमोसोमची संख्याच चुकलेली असते. आईचं वय वाढतं तसा हा वाटाही वाढतो. ती चूक सातव्या आठवड्यात खड्ड्यातून गाडी गेल्यानं होत नाही. बहुतेक वेळा ती दिवस राहायच्या आधी, बीज पिकतानाच होऊन बसलेली असते. तुमची स्कूटी निर्दोष आहे. हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलंत तरी चालेल.

चूक का होते, तेही सांगते, कारण तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला कारण लागेल. तुमची बीजं तुम्ही तुमच्या आईच्या पोटात असताना तयार झाली. पाचव्या महिन्याच्या सुमाराला गर्भातल्या मुलीच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, पाळी येईपर्यंत तीन-चार लाख. ती सगळी अर्ध्यात थांबलेली असतात. क्रोमोसोमच्या जोड्या एकमेकींना बांधून ठेवलेल्या, वाटणी व्हायची बाकी. ती वाटणी होते थेट त्या महिन्यात, बीज बाहेर पडायच्या वेळी. म्हणजे तुमच्या बीजातली ती बांधणी ४१ वर्षांची आहे. अखाजीला निंबाला झोका बांधताना मागच्या सालचा दोर आपण ओढून बघतो. हा तर चार दशकांचा दोर. जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात, एखादी जोडी वेळेआधी सुटते, आणि बीजात २३च्या जागी २४ राहतात, नाहीतर २२. सोळावा क्रोमोसोम एक जास्त झाला की गर्भ जातोच. एकविसावा जास्त झाला तर पुष्कळदा जातो, आणि टिकला तर डाऊन सिंड्रोमचं मूल जन्माला येतं.

नॉर्वेतल्या गरोदरपणाच्या नोंदी तपासून २०१९मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात २५ ते २९ वयाच्या बायकांत गर्भपाताचं प्रमाण १० टक्के होतं आणि ४५च्या पुढे ५३ टक्के. त्या गोऱ्या बायका आमच्यासारख्या खड्ड्यांतून स्कूटी चालवत नाहीत.

आता ‘बीजाची तपासणी’. सेंटरवाल्यांना पहिला प्रश्न हा विचारा की तपासणार म्हणजे नेमकं कुठून काय काढणार? कारण बीज स्वतः कुणी तपासत नाही. त्यातलं काही काढलं तर ते कामातून जाईल. बीज पिकताना जास्तीचे क्रोमोसोम एका चिमुकल्या पुडीत बांधून बाहेर टाकतं. तिला पोलर बॉडी म्हणतात. बीजाच्या पारदर्शक कवचाच्या आत, बीजाला चिकटून ती पडलेली असते. कवचाला बारीक भोक पाडून ती उचलायची आणि तिच्यात काय आहे ते मोजायचं. टाकलेल्यात एक जास्त निघाला म्हणजे बीजात एक कमी, हा हिशोब. आमच्या जळगावच्या सराफ बाजारात जुना कारागीर दागिना तोलायच्या आधी कातरण तोलतो, तसंच हे.

पण एक मेख आहे. पुड्या दोन असतात. पहिली बीज पक्व होताना पडते, दुसरी शुक्रजंतू आत शिरल्यावर. पहिल्या वाटणीतली चूक कधीकधी दुसऱ्या वाटणीत आपोआप सुधारते, म्हणून एकाच पुडीवर निकाल दिला तर चांगलं बीज फेकलं जायची भीती. दोन्ही पुड्या बघायला हव्यात, म्हणजे बीज फलित होईपर्यंत थांबणं आलंच. वडिलांकडून आलेली चूक यात दिसत नाही, आणि फलित झाल्यावर पेशी वाढताना होणाऱ्या चुकाही दिसत नाहीत.

मग हा द्राविडी प्राणायाम कुणी आणि कशाला केला? पोलर बॉडीची तपासणी १९९०च्या सुमाराला अमेरिकेत शिकागोत सुरू झाली. जर्मनीत १९९० सालचा गर्भसंरक्षणाचा कायदा कडक, गर्भाला हात लावणं अवघड, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हा आडरस्ता धरला. इटलीतही २००४च्या कायद्यानंतर तेच झालं. आपल्याकडे ती अडचण नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाचव्या-सहाव्या दिवसाच्या गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पाच-सात पेशी काढतात. म्हणून माझा अंदाज असा की, सेंटरचे लोक सोयीसाठी ‘बीज तपासणी’ म्हणत असतील आणि करणार असतील गर्भतपासणी. ते लेखी घ्या. नुसत्या ‘जनुकीय’ या शब्दावर दीड लाख देऊ नका.

आणि ‘खात्री’ हा शब्द त्यांनी परत तोंडातून काढला तर उठून या.

हे मी रागानं म्हणत नाही, आकड्यांनी म्हणते. नेदरलँड्समध्ये ३५ ते ४१ वयाच्या ४०८ बायकांवर चाचणी झाली, तिचा निकाल २००७मध्ये आला. तिसऱ्या दिवशीच्या गर्भाची एक पेशी काढून तपासायची ती जुनी पद्धत. तपासणी केलेल्यांत गर्भ टिकला २५ टक्के जणींचा, न केलेल्यांत ३७ टक्के जणींचा. तपासणीनं उलट नुकसान. त्यानंतर युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेनं नेमकी तुमच्या प्रश्नातली, म्हणजे दोन्ही पोलर बॉडीची तपासणी सात देशांतल्या ३९६ बायकांवर करून बघितली. वय ३६ ते ४०. निकाल २०१८मध्ये आला. वर्षभरात मूल झालं तपासणी केलेल्या २४ टक्के जणींना आणि न केलेल्याही २४ टक्के जणींना. काडीचा फरक नाही.

पण थांबा, दुसरा आकडाही सांगायला हवा, तो न सांगणं म्हणजे मीही त्या सेंटरसारखंच वागणं. तपासणीच्या गटात गर्भपात ७ टक्के, दुसऱ्या गटात १४. शिवाय गर्भ सोडायच्या खेपाही कमी लागल्या, २४९च्या जागी १७७. म्हणजे मुलं तेवढीच, पण वाटेत रडणं कमी. ज्या बाईचं दोनदा गेलंय तिला हा फरक लहान वाटणार नाही, हे मला कळतं. फक्त ती चाचणी चाळिशीपर्यंतच्या बायकांची होती आणि तुम्ही ४१च्या आहात, हे लक्षात ठेवा.

पाचव्या दिवसाच्या गर्भाच्या तपासणीचं काय? २०१९मध्ये त्याची मोठी चाचणी आली, ६६१ बायकांची. सगळ्या मिळून फरक जवळपास नव्हता, ५० टक्के आणि ४६ टक्के. ३५ ते ४० वयाच्या बायका वेगळ्या काढल्या तर ५१ आणि ३७ दिसतात, आणि सेंटरच्या माहितीपत्रकात बहुधा हाच आकडा ठळक छापलेला असेल. पण ही टक्केवारी दर सोडलेल्या गर्भामागची आहे. आणि त्या चाचणीत शिरायलाच पाचव्या दिवसापर्यंत वाढलेले निदान दोन गर्भ हाताशी लागत होते. ज्यांच्याकडे नव्हते त्या हिशोबातच नाहीत. तुमच्यासारख्या पाच बीजांच्या बायका तिथं दारातच थांबल्या.

आता तुमचा हिशोब फळ्यावर मांडल्यासारखा मांडू. पाच बीजं, चार पक्की, तीन फलित. पाचव्या दिवसापर्यंत यातला एखादा पोचेल, नशीब असेल तर दोन. तिशीच्या आतबाहेर पाचव्या दिवसाच्या गर्भांपैकी पाव भाग चुकीचे निघतात. चाळिशीत निम्म्याहून बरेच जास्त, आणि ४२च्या पुढे चारातले तीन. म्हणजे तपासायला एक किंवा दोन गर्भ, आणि त्यातला एखादा तरी चांगला निघेल की नाही हाच प्रश्न. चाळणीनं गहू वाढत नाही, ताई. परडीत दोनच दाणे असताना चाळण विकत आणायची का, एवढंच ठरवायचं आहे. न तपासता दोन्ही सोडले असते तर जो चांगला होता तो राहिलाच असता. तपासणी तो चांगला करून देत नाही, फक्त वाईट आधी सांगते. आणि काही वेळा सोडायला एकही नाही असा फोन येतो. तो फोन घेतलेल्या बायका मी समोर बसवून घेतल्या आहेत. काही म्हणाल्या, बरं झालं, तीन महिने वाचले. एक म्हणाली, निदान पोटात सोडून बघितला असता. दोघी बरोबर होत्या.

तुमच्या जागी मी असते तर क्रम असा लावला असता. आधी तुम्हा दोघांच्या रक्ताची कॅरिओटाइप तपासणी, म्हणजे क्रोमोसोम नीट आहेत का ते बघणं. दोनदा गर्भ गेलेल्या जोडप्यात कधीकधी एकाच्या क्रोमोसोमचा तुकडा दुसरीकडे जोडलेला असतो. माणूस ठणठणीत, पण गर्भ पुन्हा पुन्हा जातो. तसं निघालं तर गर्भ तपासण्याला खरा अर्थ येतो आणि तपासणीही वेगळी असते. मिस्टरांनाही सुई टोचून घ्यावी लागेल. जमीन विकायला निघालेला माणूस एवढं करेल. त्यासोबत थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याच्या अँटिबॉडीज आणि पिशवीच्या आतल्या पोकळीची सोनोग्राफी. हे सगळं दीड लाखाच्या लहानशा भागात होतं, आणि तुमच्या पत्रात यातल्या एकाचाही उल्लेख नाही. देवाशपथ, मला त्याचाच राग आला.

हे सगळं नीट निघालं आणि आणखी एक खेप करायची हिंमत असेल, तर पैसे तपासणीत घालण्याऐवजी दुसऱ्यांदा बीजं काढण्यात घालावेत असं माझं मत. दोन खेपांचे गर्भ गोठवून साठवले आणि चार-पाच जमले, तर तपासायला काहीतरी असेल. तेव्हा परत लिहा, तेव्हा माझं उत्तर कदाचित बदलेल. तपासणी करून सोडलेला गर्भ राहिला तरी पुढे अकराव्या ते तेराव्या आठवड्यातली सोनोग्राफी आणि रक्ताची चाचणी चुकवायची नाही.

दुसऱ्या स्त्रीचं बीज घेण्याचा विषय तुमच्या पत्रात नाही, म्हणून ओढून आणत नाही. कायद्यानं ते शक्य आहे, २०२१च्या कायद्यात देणारी २३ ते ३५ वयाची लागते आणि घेणारीला पन्नाशीपर्यंत मुभा आहे, एवढी नोंद करून ठेवते. मनात आलं तर दोघांच्या मनात येऊ द्या, सेंटरच्या नाही.

बांधाकडचा तुकडा तूर्त राहू द्या.

पत्र दुसरं

नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. वय ४६, मंडळी ३८. आमचे चार गर्भ तपासले. रिपोर्टात एक ‘नॉर्मल’, एक ‘मोझेक’, दोन ‘अ‍ॅबनॉर्मल’. मोझेक टाकून द्यायचा का? दुसरं, रिपोर्टात एका ठिकाणी काळी पट्टी मारून ठेवली आहे. पूर्ण पैसे भरूनही आमच्यापासून लपवायचं काय कारण? तिसरं, डॉक्टर म्हणाले चूक बीजाकडून आली. तेव्हापासून घरात बायकोला बोलणी बसतात. शेतकरी माणूस आहे, समजेल असं सांगा.

उत्तर

भाऊ, तुम्हाला तर हा विषय माझ्यापेक्षा आधी समजायला हवा. तुमच्या मळ्यातली ग्रँड नैन काय, जुनी बसराई काय, त्या केळीत बी का नसतं, कधी विचार केलाय? रानकेळीत असतं, दाताखाली खडा यावा तसं काळं टणक. तिच्यात क्रोमोसोम २२, अकराचे दोन संच. तुमच्या केळीत आहेत ३३, अकराचे तीन संच. बी धरायचं तर क्रोमोसोमची दोन सारखी वाटणी व्हावी लागते, आणि तिघांची दोन सारखी घरं होत नाहीत. वाटणी फसते, बी धरत नाही. म्हणून तर तुम्ही मुनवे लावता नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं आणता. केळीत वाटणी फसली की तिला बाजारात भाव येतो. माणसात फसली की गर्भ टिकत नाही. फरक एवढाच की केळीत ते सालोसाल ठरलेलं आहे, आणि माणसाच्या बीजात ते नशिबाच्या फेऱ्यानं, वयाबरोबर वाढत जाणारं.

आता मला सांगा, केळीला बी नाही म्हणून तुम्ही कधी केळीला बोलणी दिलीत?

क्रोमोसोम जास्त-कमी होण्याच्या बहुतेक चुका बीजाकडून येतात हे खरं आहे, डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत. पण ती बाईची कर्तबगारी नव्हे, बीजाच्या वयाचा हिशोब आहे. पुरुषाचे जंतू सतत नवे बनतात, बाईची बीजं तिच्या जन्माआधीची. आणि तुमचं वय ४६ असताना ती ३८ची होईपर्यंत वाट कुणी कुणाची पाहिली, याचा हिशोब घरात कुणी काढत नाही, असा माझा अनुभव आहे. हे उत्तर घरी मोठ्यानं वाचा.

मोझेकचं. तपासायला जो तुकडा काढला त्यात पाच-सात पेशी होत्या. काहींत क्रोमोसोम बरोबर, काहींत चुकलेले, म्हणून मोझेक. पण पाचव्या दिवसाच्या गर्भात पेशी शंभरावर असतात, आणि तुकडा काढतात तो बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार बनते. बाळ बनतं ते आतल्या पेशींतून. घडाच्या एका फणीवर डाग दिसला म्हणून अख्खा घड सडका म्हणत नाहीत, तसंच. २०१५मध्ये इटलीच्या डॉक्टरांनी असे मोझेक गर्भ १८ बायकांत सोडल्याचं छापलं, त्यांतून सहा निरोगी बाळं जन्मली. म्हणून टाकायला सांगू नका, गोठवूनच ठेवा. आधी नॉर्मल सोडा. तो राहिला नाही तर मोझेकचा विचार, आणि त्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या, कोणत्या नंबरचा क्रोमोसोम आणि किती टक्के पेशींत. काही क्रोमोसोमच्या बाबतीत धोका जास्त असतो. गर्भ राहिला तर सोळा आठवड्यांनंतर पोटातल्या पाण्याची तपासणी करून घ्यावी असं मी सांगेन.

काळ्या पट्टीचं. ती मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या क्रोमोसोमची जागा आहे. १९९४चा कायदा, २००३मध्ये तो गर्भधारणेच्या आधीच्या तपासणीलाही लागू झाला. क्रोमोसोमचा दोष बघायला तपासणी चालते, लिंग सांगायला नाही. सेंटरनं पट्टी मारली म्हणजे तुमचं काही लपवलं नाही, कायदा पाळला. पट्टीखालचं विचारणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आठवण करून देते, २०११च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे साडेआठशेही मुली नव्हत्या. तेव्हा मी याच जिल्ह्यात डॉक्टर होते, आणि त्यातल्या काही सोनोग्राफ्या माझ्या गल्लीतच झाल्या असतील. तुम्ही पट्टीबद्दल पैशांच्या हिशोबानं विचारलंत असं मी धरते.

पत्र तिसरं

मॅडम, मी शहादा तालुक्यात आरोग्यसेविका आहे. माझा भाऊ आणि वहिनी दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहेत, पिवळं कार्ड आहे. वहिनी ३७ वर्षांची. आता टेस्ट ट्यूब करणार आहेत. सेंटर म्हणतं, वयामुळे गर्भाचे क्रोमोसोम तपासू. मग सिकलसेलची काळजी मिटली का?

उत्तर

नाही. आणि बरं झालं विचारलंत, कारण ही गल्लत सुशिक्षित माणसंही करतात.

क्रोमोसोमची तपासणी म्हणजे गाडीला डबे किती आहेत ते मोजणं. सिकलसेल म्हणजे एका डब्यातल्या एका सीटचा एक खिळा वेगळा. डबे ४६ बरोबर भरले तरी तो खिळा तसाच असू शकतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण मोकळ्याची. वय ३७ असो की २२, हे प्रमाण तेच.

त्यासाठी गर्भाची वेगळी तपासणी लागते, एका जनुकाची. ती करण्याआधी प्रयोगशाळेला भावाचं, वहिनीचं आणि जमल्यास घरातल्या आणखी कुणाचं रक्त लागतं, त्यावरून खुणा तयार करतात. त्याला आठवडे लागतात. म्हणून बीजं काढायच्या तारखेआधी सेंटरला सांगायला हवं, नंतर नाही. एकाच तुकड्यातून दोन्ही तपासण्या करता येतात का, ते त्यांना विचारा. पुष्कळ ठिकाणी येतात. खर्च परवडत नसेल तर दुसरा रस्ता, दिवस राहिल्यावर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन तपासणी. तिथं निर्णय कठीण असतो, पण रस्ता आहे.

एक तुमच्या कामाचं. १ जुलै २०२३ला सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्याची कार्डं तुम्ही स्वतः वाटली असतील. वहिनीची आणि भावाची कार्डं सेंटरच्या पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवा, फायलीच्या तळाशी नको. माझ्याकडे धडगावकडची एक जोडी तीन महिने उपचार घेऊन आली होती, आणि कार्ड नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात, घामानं ओलं, घडी घातलेलं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांना वाटलं ते फक्त सरकारी दवाखान्यात दाखवायचं असतं.